आधी १९३०, मग बाकीचं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: लग्नपत्रिका समजून वडिलांनी व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडली आणि खात्यातून पैसे गेले. फोन लगेच रिसेट करावा का?

नको. फाइल कुठून आली, तिने कोणत्या परवानग्या घेतल्या, हा सगळा माग रिसेटने पुसला जाईल. अशी ॲप बहुतेकदा एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. म्हणून आधी एअरप्लेन मोड लावा; वाय-फायही बंद झालंय ना, ते बघा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा आणि बँकेला सांगून यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड थांबवा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक (यूपीआयचा १२ अंकी असतो) हाताशी ठेवा. चोरलेले पैसे काही मिनिटांत खात्याखात्यांतून फिरतात. तक्रार लवकर झाली तरच ते वाटेत गोठवता येतात. वडिलांवर चिडू नका. रागाच्या भीतीने माणसं गप्प बसतात आणि तोच वेळ चोराला मिळतो.

प्रश्न: स्क्रीनशॉट काढलेत. फसवणाऱ्याची चॅट डिलीट केली तर चालेल?

मुळीच नाही. कुठलाही नंबर हव्या त्या नावाने सेव्ह करून स्क्रीनशॉट काढता येतो, म्हणून मूळ चॅट लागतेच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची खूण, लिहावी लागते. एसएचए-२५६ या हॅश काढण्याच्या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार बदलते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं, म्हणजे हॅशही वेगळी येते. त्यामुळे फाइल केबलने कॉपी करा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर ती बंद केल्याने आधीचे मेसेज वाचत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या फोनने, समोरच्याचा नंबर दिसेल असा, चॅटचा सलग व्हिडिओ काढा.

प्रश्न: जुना अँड्रॉइड फोन विकण्याआधी रिसेट पुरेसा आहे?

अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीसह आलेल्या फोनला पुरेसा आहे. त्यातला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असतो आणि रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. आधी गुगल खातं काढा, नाहीतर घेणाऱ्याकडे फोन लॉक होऊन बसेल. मेमरी कार्डाचं मात्र वेगळं आहे. साध्या फॉरमॅटने फक्त फायलींची यादी जाते, फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत निघतात. कार्ड विकूच नका.