कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत कोल्हापुरी चपलांचं नवं दुकान मांडतोयस तर

भावा, साउंडबॉक्स आधी घे. गिऱ्हाईक मोबाईलवर हिरवी खूण दाखवून चालायला लागतं, ते खरं धरू नको. बॉक्स बोलला किंवा तुझ्या खात्यात पैसे दिसले, तरच जोड पिशवीत. काउंटरवरचा क्यूआर रोज शटर उघडल्यावर स्वतः स्कॅन करून नाव बघ. वर दुसराच चिकटवून जाणारे महाभाग असतात.

ऑनलाईनला खरी डोकेदुखी मापाची. नुसत्या 'आठ नंबर'वर पार्सल टाकलंस की परत आलंच समज, आणि भाडं बहुतेकदा तुझ्याच बोकांडी. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारायला सांग, टाच ते अंगठा सेंटीमीटरमध्ये मागव. चामडं वापरून सैल होतं, हेही आधीच लिही. फोटोत तळ दाखव, वादीची शिलाई अगदी जवळून. रेक्झिनवाल्याची तिथंच गोची होते.

कोल्हापुरी चपलेचं 2019 चं जीआय (भौगोलिक मानांकन) महाराष्ट्र-कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना आहे. ते मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घे. एआयनं बनवलेले गुळगुळीत फोटो मात्र टाकू नको. कापशी प्रकारच्या चपलेचा कान (बाजूची पट्टी) हातात आल्यावर वेगळा निघाला, तर गिऱ्हाईक रिव्ह्यूत सालटी काढतंय.