अजिंठा-वेरूळ झालेल्या माणसाने घारापुरीला जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पारोळ्याहून मुंबईला जाताय, सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. अजिंठा-वेरूळ दोन्ही बघून झालंय. मग घारापुरीत, म्हणजे मुंबईजवळच्या बेटावरच्या एलिफंटा लेण्यांत, वेगळं काय, आणि तिथे महादेवाची पूजा करता येते का?

जा, आणि आईला घेऊनच जा. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

मी चाळीसगावचा. कन्नडचा घाट चढून वर गेलं की वेरूळ, त्यामुळे लेण्यांचं अप्रूप आपल्याकडे तसं कमीच. पण घारापुरीला 'अजून एक लेणं' म्हणून गेलात तर अर्ध्या तासात फोटो काढून बाहेर याल. ते महादेवाचं देऊळ आहे, डोंगराच्या पोटात कोरलेलं, आणि देवळात जातो तसंच तिथे जायला हवं. वेरूळचं 29 नंबरचं धुमार लेणं नीट आठवत असेल तर मांडणी ओळखीची वाटेल: तीन बाजूंनी उजेड येणारा मोठा मंडप, आत चार दारांचा गाभारा आणि त्यात शिवलिंग. गाभाऱ्याच्या प्रत्येक दाराशी पुरुषभर उंचीहून मोठे द्वारपाल उभे आहेत.

हे देऊळ साधारण सहाव्या शतकातलं, म्हणजे वेरूळच्या कैलासाच्या आधीचं. कोणी कोरवलं ते नक्की सांगणारा लेख आज तिथे नाही. एक कोरीव शिळा होती, ती पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवली आणि ती हरवली. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, म्हणून बरेच अभ्यासक हे काम कलचुरींच्या काळातलं मानतात. त्यांची राजधानी माहिष्मती, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या सातपुड्यापलीकडचं महेश्वर. याच राजाची नाणी नाशिकच्या बाजूलाही मिळाली आहेत. नर्मदाकाठ ते मुंबईचा समुद्र, आणि मधे आपला तापीकाठ! मला तरी घारापुरी त्यामुळे परकी वाटत नाही.

उत्तरेच्या दाराने आत शिरलात की समोर, अगदी मागच्या भिंतीत, सदाशिव दिसतो. सगळे त्रिमूर्ती म्हणतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. उंची वीस फुटांच्या आसपास. पहिल्यांदा काहीच नीट दिसत नाही, कारण बाहेरच्या उन्हातून आपण एकदम अंधारात आलेलो असतो. थांबा. डोळे सरावले की मधलं मुख वर येतं, मिटल्या डोळ्यांचं, शांत. आपल्या डावीकडचं अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप, मिशा आणि हातात नाग. उजवीकडचं वामदेव, बाईसारखं कोवळं, हातात कमळ. गाइडचं बोलणं उरकू द्या आणि मग पुन्हा एकटे जाऊन उभे राहा, हे मी आग्रहाने सांगतो.

आईला मात्र आधी शिवपार्वतीच्या लग्नाकडे न्या. तो पट गाभाऱ्याच्या बाजूला, नैऋत्येच्या कोपऱ्यात आहे. पार्वतीची मान किंचित खाली गेलीय आणि तिचा हात शिवाच्या हातात आहे. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी आहे, कारण लग्न अजून लागायचंय. बायको म्हणून डावीकडे ती नंतर येणार. खाली ब्रह्मदेव भटजी होऊन बसलाय. माझ्या मायला काही सांगावं लागलं नाही. बघताक्षणी म्हणाली, "हाई ते लगीन शे ना!" आणि मग वऱ्हाडी कोण कोण आलेत ते शोधत बसली. मूर्तींचे हातपाय बरेच तुटलेत, बघून जीव तुटतो. पण पार्वतीचं ते लाजणं शाबूत आहे.

पूजेचं म्हणाल तर हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. गुरव नाही, रोजची आरती नाही. दर्शन घ्या, हात जोडा, तेवढं पुरतं. महाशिवरात्रीला उरणकडची माणसं होड्यांनी दर्शनाला येतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती गर्दी झेपणार नाही.

आता जाण्याचं. जळगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी सीएसएमटीला उतरा, तिथून टॅक्सीने गेटवे. लाँचा सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात आणि तासाभरात पोचवतात. तिकीट जाऊन-येऊन असतं, ते जपून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि आईला स्वतः घाला. मुंबईच्या समुद्रात 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या लाँचला झालेला अपघात विसरण्यासारखा नाही. लाँचमध्ये चढता-उतरताना पायऱ्या निसरड्या असतात, तिथे आईचा हात सोडू नका. धक्क्यावरून छोटी रेल्वे पुढे नेते. त्यानंतर सुमारे 120 पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. चढवत नसेल तर डोलीवाले असतात, भाव आधी ठरवून घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचा बंद, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. दशम्या-ठेचा बरोबर घ्या, पण पिशवी बंद ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात. मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या शेवटच्या लाँचआधी खाली उतरा.

अजून एक. पोर्तुगीजांनी या बेटाला ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाही. तो भायखळ्याला राणीच्या बागेशी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तोही बघायचा असेल तर घारापुरी मंगळवारी करू नका, कारण दुसऱ्या दिवशी बुधवार येतो आणि बुधवारी संग्रहालय बंद असतं.