घरी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन) बनवतोय, बेड ६०० बाय ९०० मिमी, सागवान आणि एमडीएफ कापायचंय. सरकणाऱ्या भागांसाठी एसबीआर (गोल) रेल घेऊ की एचजीआर (चौकोनी)?

एचजीआर १५ (१५ मिमी रुंदीची) घ्या, प्रत्येक रेलवर दोन ब्लॉक, म्हणजे रेलवर सरकणारे बेअरिंगचे ठोकळे. एसबीआरचं बेअरिंग खालून उघडं असतं, त्यामुळे वर उचलणारा लोड आला की ते कमी पडतं आणि सागवानात कटच्या कडेला बारीक लाटा दिसतात, चौकोनी रेलचा ब्लॉक मात्र चारही बाजूंनी सारखाच लोड घेतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मेंटेनन्सचंच काम आहे माझं, लूमचा कापूस ग्रीसला चिकटून काय वाट लावतो ते रोज बघतो, एमडीएफची पावडर तर त्याहून बेकार, म्हणून सीलवालेच ब्लॉक बघा. फक्त बसवायची जागा सपाट पाहिजे, नुसत्या वेल्ड केलेल्या बॉक्स पाइपवर एचजीआर आवळली तर ब्लॉक जाम होतो; मशिनिंग करून घेणं जमत नसेल तर एसबीआर २० बरी, ती थोडा वाकडेपणा खपवून घेते.