ठरावाने कारवाई थांबते का?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसनला नोकरी करतो. तिकडील काही राज्यांची विधिमंडळे केंद्र सरकारच्या स्थलांतरविषयक धरपकडीचा निषेध करतात, तर काही तिला पाठिंबा देतात. केरळ विधानसभेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध ठराव केला होता, तसाच हा प्रकार आहे का? तेथे राहणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नुसत्या ठरावाचा उपयोग होत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. स्थलांतर हा अमेरिकेत केंद्राचा विषय आहे. ॲरिझोनाने २०१० मध्ये स्वतःचा कडक कायदा केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वादातील चारपैकी तीन कलमे याच कारणाने रद्द ठरवली.

केरळशी साम्य मात्र येथेच संपते. आपल्या राज्यघटनेच्या २५६व्या अनुच्छेदानुसार संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीने कारभार करणे राज्यांना बंधनकारक आहे आणि त्यासाठी केंद्र त्यांना निर्देश देऊ शकते. अमेरिकेत केंद्राला राज्याचे पोलीस असे कामाला जुंपता येत नाहीत. हे तत्त्व १९९७ च्या ज्या निकालाने पक्के केले, तो खटला बंदूक खरेदीदारांची चौकशी करायला नकार देणाऱ्या मोंटाना आणि ॲरिझोनातील दोन शेरीफांचा, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखांचा होता; आज त्याच निकालाचा आधार स्थलांतरितांची बाजू घेणारी राज्ये घेतात.

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते तुरुंगाच्या दाराशी दिसते. किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे स्थानिक पोलीस घेतात आणि ते केंद्राच्या यंत्रणेकडे पोहोचतात. मग ‘आयसीई’ हे स्थलांतरविषयक धरपकड करणारे केंद्रीय खाते तुरुंगाला ‘डिटेनर’ पाठवते : या माणसाची सुटका झाली तरी त्याला आणखी ४८ तासांपर्यंत थांबवून ठेवा. ही विनंती असते आणि तिच्यावर न्यायाधीशाची सही नसते. ती मानायची की नाही, हे राज्य ठरवू शकते. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने केवळ अशा विनंतीवरून कोणालाही अडकवून ठेवण्यास आपल्या पोलिसांना मनाई केली, तर टेक्सासने त्याच वर्षी ती मानणे तुरुंगांना सक्तीचे केले. एकाच कागदावर एका राज्यात माणूस घरी जातो आणि दुसऱ्या राज्यात केंद्राच्या ताब्यात जातो. ओरेगनने तर १९८७ मध्येच स्थलांतराच्या कामासाठी स्थानिक पोलीस वापरण्यावर बंधन घातले होते.

म्हणून विधिमंडळाने काही मंजूर केल्याची बातमी आली की आदेश कोणाला दिला आहे, ते पाहावे. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आवाहन किंवा राष्ट्राध्यक्षांचा निषेध असेल, तर ती केवळ भूमिका. राज्याच्या पोलिसाने आणि तुरुंगाधिकाऱ्याने काय करावे वा करू नये हे लिहिले असेल, तर तो बंधनकारक कायदा. भूमिका घेणे निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही, कारण भेदरलेल्या कुटुंबाला आपल्या बाजूने कोणी बोलले याचाही आधार वाटतो. परंतु आमदार ठराव करून थांबतात आणि आपण आता सुरक्षित झालो असे लोकांना वाटू देतात, तेव्हा त्यांच्या हातून मोठे नुकसान होते. राज्याने हात आखडते घेतले तरी केंद्राचे स्वतःचे अधिकारी त्या राज्यात येऊन अटक करू शकतातच.

तुमच्या भाच्याच्या न्यू जर्सीत पोलिसांच्या सहकार्यावर २०१८ मध्ये मर्यादा आली ती राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या आदेशाने. केंद्रीय अपील न्यायालयाने २०२१ मध्ये तो आदेश ग्राह्य धरला. तरीही इमिग्रेशन न्यायालये केंद्राच्या न्याय खात्याच्या अखत्यारीत असल्याने तेथे राज्याचा ठराव दाखवून काही साधत नाही. त्याला एवढेच कळवा की आय-९४ या अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीवरील मुक्कामाची तारीख तपासून ठेव, तो कागद जवळ बाळग, आणि गाडी चालवताना झालेल्या एखाद्या गुन्ह्यावरून जरी खटला झाला, तरी गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार.