दवाखान्यातल्या 'रेशनिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असाय की सरकारी आरोग्यसेवेवरचा लेख मराठीत आणताना 'रेशनिंग'ला (म्हणजे उपचार सगळ्यांना पुरत नाहीत म्हणून मापून देणं) 'शिधावाटप' लिहिलं तर मित्र हसले, मग 'प्राधान्यक्रम' चालेल का?

हसणारच की. शिधा म्हणजे न शिजवलेलं धान्य, पाहुण्याला नाहीतर ब्राह्मणाला मापून द्यायचं ते, त्यात डायलिसिस कसं बसणार. गंमत म्हणजे 'रेशन' मुळात धान्याचा शब्दच नाही, लॅटिन 'रॅशिओ'वरून आलाय, म्हणजे हिशेब. आमची आजी तर रेशन म्हणायचीच नाही, 'कंट्रोलची साखर' म्हणायची, आणि मला अजून तोच शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

पण 'प्राधान्यक्रम' लिहू नका. त्यात पहिला कोण ते कळतं, शेवटी कुणाला मिळालंच नाही ते कळत नाही, ऑफिसवाल्यांना म्हणूनच आवडतो तो. आपल्याकडं लोक 'नंबर लावलाय' म्हणतात, तेही पुरेसं नाही कारण नंबर लावला की उशिरा का होईना मिळतं. समजा डायलिसिस आठवड्यातनं तीनदा लागतंय आणि मशीन कमी म्हणून सगळ्यांना दोनदाच दिलं, तर नंबर सगळ्यांचा लागला पण माप कमी पडलं. रेशनिंग म्हणजे हे पण. आणि 'वशिला' हा याच्या बरोबर उलटा शब्द, अरबी 'वसीला', मूळ अर्थ नुसता साधन, मार्ग. आपण त्याचा मागच्या दाराचा मार्ग केला.

सोलापुरात तर रेशन आणि दवाखाना खरंच जोडलेत. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात सोलापूर होतं, पात्रता बघायची पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर, एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार फुकट, किडनी बदलायची असेल तर अडीच लाख. (२०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे.) आमच्या गल्लीत तेव्हा पेशंट स्ट्रेचरवर आणि पोरगं घरी कार्ड शोधायला पळतंय असं बघितलंय, म्हणजे शब्दशः रेशनकार्डावर ऑपरेशन.

म्हणून मी 'मोजून वाटप' लिहीन. कुणी मोजलं, कशानं मोजलं, हे वाचणारा आपोआप विचारतो. मथळ्यात मात्र 'रेशनिंग'च ठेवा, कळतं सगळ्यांना.