बसमधून उतरताना मामाला बघितलं, पण उतरलं कोण?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय की इंग्रजीतल्या अ‍ॅम्बिग्युइटीला संदिग्धता म्हणायचं का द्व्यर्थता, आणि व्याकरण सगळं बरोबर असताना कंप्युटर अशा वाक्यातला नेमका अर्थ कसा पकडतो.

ताई, माझं मत द्व्यर्थतेला. संदिग्ध म्हणजे धूसर, अर्थ धड कळतच नाही असं. इथं दोन्ही अर्थ लख्ख असतात, फक्त बोलणाऱ्याला कोणता पाहिजे ते वाक्य सांगत नाही. श्लेष तर म्हणूच नका, तो कवी मुद्दाम करतो.

‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ हे नेहमीचं उदाहरण. दुर्बिणीतून माणूस बघितला का दुर्बीणवाला माणूस बघितला? मराठीत प्रत्ययामुळं हा घोळ होत नाही, पण आपल्याकडं दुसरे आहेत. ‘मी बसमधून उतरताना मामाला बघितलं.’ परभणीच्या स्टँडवर मी उतरत होतो का मामा? दोन्ही चालतं. आता ‘मी त्याला पाकीट मारताना बघितलं’ म्हणा, मारणारा तोच हे लगेच कळतं. ‘-ताना’ तोच, रचना तीच, मग फरक आला कुठून? तर स्वतः पाकीट मारणारा माणूस असं सांगत फिरत नाही हे आपल्याला माहितीये, आणि हे कुठल्याच व्याकरणात लिहिलेलं नसतं.

कंप्युटर अडायचा तो इथंच. टेरी विनोग्राड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये इंग्रजीतलं एक वाक्य दिलं होतं: नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण ‘दे’ (इंग्रजी they, म्हणजे ‘ते’) हिंसाचाराला घाबरत होते. घाबरणारे नगरसेवक. पण घाबरत होते च्या जागी हिंसाचाराचा पुरस्कार करत होते असं टाकलं की ‘दे’ म्हणजे मोर्चेकरी, एका क्रियापदानं सर्वनाम इकडून तिकडं जातं. मला हे वाक्य फार आवडतं. पुढं २०११ मध्ये हेक्टर लेवेस्क या संगणकशास्त्रज्ञांनी अशाच जोड्यांची परीक्षा कंप्युटरसाठी सुचवली.

जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम नियम लावून वाक्याच्या होतील तेवढ्या सगळ्या रचना काढून द्यायचा, पण त्यातली खरी कोणती हे ठरवायला त्याच्याकडं जगाची माहिती नसायची. आता शब्दाचा अर्थ आकड्यांच्या रांगेत मांडतात आणि २०१७ साली आलेल्या ट्रान्सफॉर्मर नावाच्या प्रोग्रॅमच्या रचनेत प्रत्येक शब्द वाक्यातल्या बाकीच्या शब्दांना कमीजास्त वजन देतो. त्या वेळी गूगलनं दिलेलं उदाहरण असं: जनावरानं रस्ता ओलांडला नाही, कारण ‘इट’ (इंग्रजी it) फार दमलं होतं. दमलेलं च्या जागी रुंद टाकलं की ‘इट’चं वजन जनावरावरून रस्त्यावर सरकतं.

मराठीत बघा, ‘ते दमलं होतं’ आणि ‘तो रुंद होता’, लिंगानंच निकाल लागला. म्हणून इंग्रजीतून मराठी करताना मशीनला ‘इट’ म्हणजे कोण हे आधी ठरवावंच लागतं, चुकलं की लगेच दिसतं. उलट ‘पेटी पिशवीत बसेना, कारण ती मोठी आहे’ आणि ‘कारण ती लहान आहे’ यात दोन्ही स्त्रीलिंगी, तिथं लिंग उपयोगाचं नाही. पिशवीच्या जागी पोतं घ्या, ‘ते लहान आहे’ म्हणलं की पोतंच.