चार ओळींसाठी तीन आठवडे

प्रश्न: मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो, आता निवृत्त झालो आहे. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेले सहा महिने तो कुठल्याशा फुकटच्या नेटवर्किंग लायब्ररीतल्या चुका दुरुस्त करत बसतो. एक पैसा मिळत नाही. मध्यंतरी तीन आठवडे रात्री जागून त्याने चार ओळी बदलल्या, हे तोच सांगतो. नंतर चाळीस फायली साफ करून पाठवल्या, तर त्या लोकांनी परत केल्या. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या पेपरची, एटीकेटी अजून निघालेली नाही. बरोबरीची मुलं ॲप बनवतात, हा दुसऱ्याचं मोडलेलं नीट करतो. याला नोकरी कोण देणार? – एक वडील, बार्शी

स. न. वि. वि.

पत्र मिळाल्यावर मी आधी तुमच्या मुलाला फोन केला आणि त्या चार ओळी मागवून घेतल्या. त्या पाहिल्यावरच तुम्हाला लिहायला बसलो आहे.

नेटवर्किंग लायब्ररी म्हणजे दोन यंत्रांमधलं बोलणं सांभाळणारा तयार कोड. ॲप बनवणारी मुलं तो स्वतः लिहीत नाहीत, उचलून वापरतात. तुमचा मुलगा काम करतो त्या लायब्ररीबद्दल एक तक्रार पडून होती: ऑफिसच्या वायफायवर सगळं सुरळीत, पण मोबाइलच्या नेटवर मोठी फाइल अर्धवट येते. बिघाडाची ही तऱ्हा तुमच्या ओळखीची आहे. ड्रायव्हर सांगतो घाटात गाडी गरम होते, आणि आगारात तासभर इंजिन चालू ठेवलं तरी काटा जागचा हलत नाही.

घोटाळा असा होता. इंटरनेटवर माहिती पोचवण्याची टीसीपी नावाची पद्धत बाइट, म्हणजे माहितीचे बारके तुकडे, क्रमाने पोचवते, पण ते सगळे एका खेपेत येतील याची हमी देत नाही. समोरून एकदम आठ हजार बाइट सुटले, तरी इकडे आधी चौदाशे, मग दोन हजार, मग उरलेले असे येऊ शकतात. जुना कोड एकदाच हात पुढे करत होता आणि जे पडेल तोच पूर्ण निरोप समजत होता. सर्व्हर आणि ॲप एकाच मशिनवर ठेवून तपासलं की बहुतेक वेळा सगळं एकदम येतं, म्हणून चूक कुणाला दिसत नव्हती. तुमच्या मुलाने तिथे लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायला लावणारा कोड, घातली: ठरलेले बाइट पुरे होईपर्यंत वाचत राहा, आणि मध्येच शून्य आलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलं असं समजून थांबा. हे शून्याचं तपासलं नाही तर लूप तिथेच गरगरत राहते.

तीन आठवडे गेले ते या ओळी लिहिण्यात नव्हेत. त्याने वायरशार्क, म्हणजे नेटवरून जाणारी माहिती उघडून दाखवणारं साधन, लावून एकेक पॅकेट पाहिलं. नेट मुद्दाम मंद करून ती तक्रार आपल्या लॅपटॉपवर पुन्हा घडवून आणली. मग एक छोटा सर्व्हर लिहिला, जो एका वेळी एकच बाइट पाठवतो. तो सर्व्हर आता लायब्ररीच्या चाचण्यांमध्ये कायमचा आहे; उद्या कुणी ती लूप काढली तर चाचणी त्याच दिवशी नापास होईल. मला विचाराल तर चार ओळींपेक्षा ती चाचणी मोलाची.

एवढं महत्त्व का देतो, ते एका उदाहरणाने सांगतो. इंटरनेटवरून माहिती आणणारा-पाठवणारा कर्ल नावाचा प्रकल्प आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना चलनांचे दर इंटरनेटवरून आणायचे होते, त्यातून हे काम सुरू झालं. १९९८ साली त्याला कर्ल हे नाव मिळालं. त्यातली लिबकर्ल ही लायब्ररी आज फोन, टीव्ही, मोटारी अशा असंख्य गोष्टींत बसलेली आहे. स्टेनबर्ग कित्येक वर्षं नोकरी सांभाळून हे करत होते, २०१९ पासून पूर्ण वेळ करतात. २०२० मध्ये त्यांनीच सॉक्स-फाइव्ह प्रॉक्सीशी, म्हणजे मधल्या दलाल सर्व्हरशी, बोलणारा भाग सुधारून नव्याने लिहिला. त्या बोलण्याच्या नियमांत होस्टच्या, म्हणजे ज्या यंत्राकडे जायचं त्याच्या, नावाची लांबी एका बाइटमध्ये लिहितात, म्हणजे २५५ च्या पुढे जाता येत नाही. नाव त्याहून लांब असेल तर कर्लने दुसरा रस्ता धरायचा, असं ठरलं होतं. पण प्रॉक्सीकडून उत्तर यायला उशीर झाला की कोड हा निर्णय विसरायचा आणि लांबलचक नाव अपुऱ्या जागेत कोंबायचा. ही गंभीर सुरक्षा-चूक तीन वर्षांहून जास्त काळ कुणाच्या लक्षात आली नाही. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी ८.४.० आवृत्तीत ती दुरुस्त झाली, आणि चूक आपलीच होती हे स्टेनबर्ग यांनी उघडपणे लिहिलं. इथेही पाहा, नेट मंद असल्याशिवाय चूक दिसत नव्हती. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला जे चकवतं, ते शोधायची सवय तुमच्या मुलाला विसाव्या वर्षी लागते आहे.

आता त्या चाळीस फायली. परत केल्या ते योग्यच केलं, आणि हे मी त्यालाही सांगितलं. त्याने कोडमधल्या मोकळ्या जागा नीट केल्या, नावं बदलली, दोन फंक्शन्स एकत्र केली, आणि हे सगळं एकाच गठ्ठ्यात पाठवलं. तपासणाऱ्याला त्यातला कुठला बदल दिसण्यापुरता आणि कुठला वागणूक बदलणारा, हे कसं कळावं? कोडची साफसफाई लहान तुकड्यांत करायची, जिथे बग सापडला त्याच्या आसपास, आणि आधी चाचणी लिहून. त्याने आता पहिला तुकडा वेगळा काढून पाठवला आहे. शिवाय बग शोधायला एआय वापरलं तरी स्वतः घडवून पाहिल्याशिवाय तक्रार पाठवू नकोस, असंही बजावलं. एआयने रचलेल्या खोट्या तक्रारींनी कर्लच्या लोकांना अक्षरशः जेरीस आणलं आहे.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. एम-थ्री. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या एटीकेटी असलेल्या मुलाला परीक्षेलाच बसू देत नाहीत. मग वायरशार्क येतं की नाही, हे विचारायला कुणी थांबत नाही. पेपर होईपर्यंत लायब्ररीचं काम फक्त रविवारी, असं आमचं ठरलं आहे. ॲप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर्सचा रोजचा तास त्याला चुकणार नाही.

नोकरीचं म्हणाल, तर पुण्यात रेड हॅट ही सॉफ्टवेअर कंपनी आहे, बंगळूरुला नेटवर्किंगची सिस्को आहे. अशा ठिकाणी नवा माणूस पहिल्या दिवशी नवं काही बांधत नाही; दहा-पंधरा वर्षं जुना, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचतो आणि त्यातलं बिघडलेलं शोधतो. पैसे मिळवायचे असतील तर गूगल समर ऑफ कोडला अर्ज करता येतो. तिथे निवडलेल्यांना ओपन सोर्सच्या, म्हणजे कुणालाही पाहता-बदलता येणाऱ्या कोडच्या, कामाचं मानधन मिळतं, आणि आधी त्या प्रकल्पात काम केलेल्या मुलाचा अर्ज उठून दिसतो. बायोडेटात मात्र ‘ओपन सोर्समध्ये योगदान’ एवढंच मोघम नको. तक्रार काय होती, कशी घडवून आणली, चाचणी कोणती लिहिली, हे तीन ओळींत आणि खाली त्या बदलाची लिंक.

पुढच्या खेपेला तो बार्शीला आला की एक बाइट पाठवणारा सर्व्हर चालवून दाखवायला सांगा. आधी जुना कोड, मग त्याचा. तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. आणि एम-थ्रीचा पेपर झाला की त्याला माझ्याकडे पाठवा, बायोडेटा आम्ही समोरासमोर बसून लिहू.